डावं डंबेल

मास्तरांच्या जिममध्ये नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी एका गोष्टीला अडखळायचा. तिथल्या प्रत्येक डंबेलवर पांढऱ्या रंगात एक अक्षर होतं. अर्ध्यांवर 'डा', अर्ध्यांवर 'उ'. डाव्या हाताचं डंबेल डाव्याच हातात, उजव्याचं उजव्यातच. चुकून अदलाबदल झाली की कोपऱ्यातून मास्तरांचा आवाज यायचा, "चपलाही अशाच उलट्या घालता का हो?"

"पण मास्तर, वजन तर दोन्हींचं सारखंच आहे ना?"

"वजन सारखं आहे. हात सारखे नाहीत. हाताला आपलं लोखंड ओळखता आलं पाहिजे."

यामागचं शास्त्र कोणालाच कळलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर मास्तरांनाही नव्हतं. ते त्यांना लहानपणी दादानं सांगितलं होतं, आणि दादानं सांगितलेल्या गोष्टीला 'का' विचारायची त्यांना कधी गरज पडली नव्हती.

जिम टायरच्या दुकानाच्या वर होती. जिना चढताना रबराचा वास यायचा आणि वर पोचल्यावर त्यात लोखंडाचा आणि घामाचा मिसळायचा. दोन बाक, एक आरसा, तोही कोपऱ्यात तडकलेला, आणि भिंतीलगत डंबेल्सच्या रांगा. आरशाशेजारी लाकडी घडवंचीवर एक जोडी वेगळी ठेवलेली असे. दहा-दहा किलोची, काळ्या रंगाची, लेथवर कातून केलेली. तिच्यावरची अक्षरं रंगवलेली नव्हती, पंचनं ठोकलेली होती. त्या जोडीला कोणी हात लावायचा नाही. रोज सकाळी शटर उघडलं की मास्तर स्वतः बाकावर पडून ती बारा वेळा वर-खाली करायचे, म्हणजे बारा रेप्स मारायचे, फडक्यानं पुसायचे आणि परत ठेवायचे. मग दिवस सुरू.

छातीचा व्यायाम शिकावा तर मास्तरांकडून, असं आसपासच्या चार जिमवाले सुद्धा मान्य करत. नव्या माणसाला ते पहिले तीन दिवस रिकाम्या हातांनीच बाकावर झोपवत. "पाय जमिनीवर. टाचा उचलल्या की घरी जायचं. खांद्याची पाती मागे ओढा, मग खाली, जणू पाठीच्या मागच्या खिशात ठेवताय. आता ती तिथून हलवायची नाहीत. मनगट सरळ, कोपराच्या बरोबर वर. कोपर असे फाकवू नका, तुम्ही काही वाळत घातलेला सदरा नाही. थोडे आत घ्या. आता सावकाश खाली, एक, दोन, तीन. थांबा. श्वास सोडत वर. वर नेऊन डंबेल्स एकमेकांवर आपटू नका, टाळ्या वाजवायला आलोय का आपण?"

त्यांचे नियम तीन होते. दोन्ही हातांना ओझं सारखं. फॉर्म, म्हणजे अंगाची ठेवण, बिघडला की सेट संपला. आणि दुसऱ्याचा आधार लागला, तर तो रेप मोजायचा नाही. आधार द्यायचा तो मनगटाला, कोपराला कधीच नाही. पण दिला की मोजणी तिथंच थांबली.

वजनमाप खात्यात नोकरीला असलेल्या एक बाई तिथं यायच्या. दिवसभर दुकानादुकानांतून काटे तपासायचं काम, म्हणून जिममध्ये त्यांना काटेबाई म्हणत. त्यांचा नववा रेप एकदा मास्तरांनी दोन बोटं लावून वर नेला आणि मोजला नाही. काटेबाई उठून बसल्या. "मास्तर, दोनच बोटं होती. तेवढ्याला आमच्या खात्यातसुद्धा सूट आहे."

"इथं नाही."

"तुम्ही दयामाया कुठं गहाण टाकलीय का?"

"माझ्यावर कोणी दया केली नाही," मास्तर म्हणाले, "म्हणून तर हा हात आहे." आणि त्यांनी डावा हात पुढे केला.

त्या हाताची गोष्ट ते प्रत्येकाला सांगत. तेराव्या वर्षी शाळेच्या भिंतीवरून पडले आणि डावा खांदा मोडला. हाड जुळलं पण हात वाळत गेला. वर्गातली मुलं त्यांना दीडहात्या म्हणायची. आईवडील आधीच गेलेले. अकरा वर्षांनी मोठा दादा कारखान्यात लेथवर लोखंड कातणारा टर्नर होता, तोच बाप आणि तोच भाऊ. एके दिवशी तो पिशवीतून ही जोडी घेऊन आला. म्हणाला, "बारक्या, दोन्ही दहा किलोची आहेत. हे डाव्याचं, हे उजव्याचं. अदलाबदल केलीस तर गाठ माझ्याशी आहे."

बारक्यानं केली नाही. आधी दोन्ही हात मिळून एकेक उचललं, मग जमिनीवर पडून, मग दादानं दोन फळ्या ठोकून केलेल्या बाकावर. डावा हात थरथरायचा, पण जायचा वर. दर वर्षा-सव्वा वर्षानं दादा जोडी कारखान्यात न्यायचा. "गंज चढतोय, तेलपाणी करून आणतो." दुसऱ्या दिवशी परत आणायचा. मग चार दिवस डावं डंबेल जड लागायचं. बारक्या कुरकुरायचा.

"रंगाचा हात जास्त बसला असेल," दादा म्हणायचा. नाहीतर, "एक दिवस सुट्टी मिळाली ना हाताला? सासरी जायला रडतोय तो."

बाविसाव्या वर्षी बारक्या शहरातल्या शरीरसौष्ठव स्पर्धेत तिसरा आला. परीक्षकांना दोन हातांत फरक दिसला नाही. त्या दिवसानंतर त्यानं जोडी दादाला दिली नाही. "आता तेलपाणी मीच करीन," तो म्हणाला. दादानं दोनतीनदा मागितली, मग मागायचं सोडलं. बारक्याचे मास्तर झाले. लग्नाच्या भानगडीत ते पडले नाहीत. दुपारचं जेवण जिममध्ये डब्यातलं, संध्याकाळचं दादाकडे, वहिनींच्या हातचं. आणि गोष्टीचा शेवट ते नेहमी एकाच वाक्यानं करत, "मी डाव्याचे लाड केले नाहीत. उजव्याला दहा, तर डाव्यालाही दहा. म्हणून तो सुधारला."

दादा कधी ही गोष्ट ऐकत बसलेला असला, तर मान हलवायचा. "खरं आहे. हट्टी आहे आमचा बारक्या."

मागच्या वर्षी दादाला झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा गेली नाही, पण शब्द एकेक करून, विहिरीतून बादली ओढावी तसे यायला लागले. ज्या हातानं केसाच्या जाडीचा फरक बोटांनी ओळखला, त्या हाताला सदऱ्याचं बटण सापडेना. दवाखान्यातल्या व्यायामाच्या मॅडमनी अर्ध्या किलोपासून सुरुवात करा म्हणून सांगितलं होतं. दादा म्हणाला, "बारक्याकडे... जाईन."

मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. जन्मभर ज्यानं केलं, त्याच्यासाठी आता आपण करायचं. ते रोज सकाळी दादाला धरून जिना चढवत, बाकावर झोपवत, पाती मागे, पाय जमिनीवर. दादाच्या फॉर्ममध्ये खोट काढायला जागा नव्हती. शिकवलेलं सगळं त्यानं वीस वर्षं ऐकलेलंच होतं.

पहिल्या दिवशी मास्तरांनी दोन-दोन किलोची जोडी आणली.

दादा म्हणाला, "उजवं... हलकं दे."

"दादा, लाड केले की हात आळशी होतो. माझं उदाहरण समोर आहे ना तुझ्या?"

दादानं त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तोंडाची डावी बाजू हसली, उजवी हलली नाही. "बरोबर... आहे... तुझं," तो म्हणाला.

डावा हात वर गेला. उजवा चार बोटं उचलला आणि कलला. पाठ बाकावरून सुटली. "फॉर्म बिघडला," मास्तर म्हणाले. "थांब. सेट संपला."

असे आठ दिवस गेले. डंबेल बदललं नाही. मास्तर मनगटाखाली हात धरून उजवा वर न्यायचे, दादाच्या कपाळावरून घाम कानात उतरायचा, आणि वर पोचल्यावर दादा डोळे मोठे करून विचारायचा.

"हा धरता येणार नाही, दादा. आधार होता."

आठव्या दिवशी दादा तसाच पडून राहिला. तडकलेल्या आरशात घडवंचीवरची काळी जोडी दिसत होती, तिच्याकडे बघत म्हणाला, "एक तरी... मोज की... रे."

"उद्या मोजू," मास्तर म्हणाले. "उद्या तुझा तू उचलशील."

उद्या दादा आला नाही. वहिनींनी निरोप दिला, नको म्हणतात. मास्तर रागावले. संध्याकाळी जेवताना म्हणाले, "दादा, मला तू एक दिवस तरी सुट्टी दिली होतीस का?" दादा डाव्या हातानं चमचा धरून जेवत होता. त्यानं मान हलवली आणि खाली घातली. मास्तरांना वाटलं, लाजला. चार महिन्यांनी दुसरा झटका आला आणि दादा दोन दिवसांत गेला. त्याचा व्यायामाशी काही संबंध नव्हता, असं डॉक्टरांनी सांगितलं. शेवटपर्यंत बटणं मात्र वहिनीच लावत होत्या.

मास्तरांनी जिम आठ दिवस बंद ठेवली आणि मग पुन्हा उघडली. मनात एकच होतं, आणि ते लोकांना बोलूनही दाखवायचे, की दादानं हिंमत सोडली. थोडा रेटला असता तर हात आला असता.

काटेबाईंनी जोडीचं वजन केलं ते निव्वळ गमतीनं. कुठूनशी तपासणी आटोपून त्या थेट आल्या होत्या. पिशवीत सरकारी टांगता काटा होता. म्हणाल्या, "आज मास्तरांचीच तपासणी. तुमचं दहा किलो किती किलोचं असतं ते बघू." रांगेतली चारपाच डंबेल्स टांगली, पन्नास ग्रॅम इकडे तिकडे. सगळे हसत होते. मग त्या घडवंचीकडे वळल्या आणि मास्तरांनी, नवलच म्हणायचं, मान डोलावली. आपल्या दादाचं काम आहे, एका ग्रॅमचा फरक निघायचा नाही, असं त्यांना जगाला दाखवायचं होतं.

'उ' टांगलं. दहा किलो, बरोबर.

'डा' टांगलं. काटेबाईंनी आकडा पाहिला, काढलं, काटा शून्यावर आणला, पुन्हा टांगलं. मग तिसऱ्यांदा.

"नऊ किलो सहाशे साठ."

"काटा चुकला."

"मास्तर, काटा माझा आहे," त्या हळूच म्हणाल्या. आता कोणी हसत नव्हतं.

त्यांनी डंबेलच्या टोकावर किल्लीनं टकटक केली. मग 'उ'वर. आवाज वेगळा होता. मास्तरांनी नखानं काळा रंग खरवडला. पोपडा निघाला आणि खाली एक बारीक गोल रेघ दिसली. तीस वर्षं रोज फडकं फिरवूनही न दिसलेली.

खाली टायरवाल्याकडे लोखंड पकडायचा व्हाइस होता. त्यानं डंबेल त्यात धरलं, रंग साफ केला, रेघेच्या आत दोन छोटी भोकं सापडली, त्यात दोन खिळे घालून आडवी पट्टी फिरवली. आट्यांचं झाकण फिरत फिरत बाहेर आलं. टायरवाला ते बोटांत फिरवत म्हणाला, "काय काम केलंय लेकानं! केस जाणार नाही मधून. कोण हो हा?"

आत वरच्या बाजूला लाकडाची पातळ चकती होती, काही खुळखुळू नये म्हणून घट्ट बसवलेली. तिच्याखाली शिशाच्या चकत्या, एकावर एक. सात होत्या. प्रत्येकीवर पंचनं ठिपके मारलेले होते. सगळ्यात खालचीवर एक. तिच्या वरचीवर दोन. तीन, चार, पाच, सहा, सात. दुसरं टोक उघडलं, तिथंही तसंच.

काटेबाईंनी एक चकती काट्यावर धरली. "एकशे सत्तर. दोन्ही टोकांना एकेक, म्हणजे एका वेळी तीनशे चाळीस वाढले." त्या मनातल्या मनात गणित करत राहिल्या आणि उत्तर आल्यावर मात्र बोलू की नको असं त्यांना झालं. "म्हणजे सगळ्यात आधी, मास्तर... हे सव्वासात किलोचं होतं."

"तेलपाणी," मास्तर म्हणाले.

"काय?"

"सात वेळा नेलं होतं त्यानं. तेलपाणी करायला."

काटेबाईंनी त्यांची समजूत घालायचा प्रयत्न केला. "पण पुढे तर तुम्ही पंचवीस-पंचवीसची उचललीत. ती काही कोणी पोकळ केली नव्हती. हात तुमचाच आहे."

"हो," मास्तर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोर पंचवीस नव्हते. दोन किलो होते. चार बोटं उचललेलं, कललेलं, आठ दिवस न बदललेलं. उजवं हलकं दे.

संध्याकाळी ते वहिनींकडे गेले. वहिनी पालेभाजी निवडत बसल्या होत्या. मास्तरांनी झाकण आणि सात ठिपक्यांची चकती त्यांच्यासमोर ठेवली. वहिनींनी भाजी बाजूला सारली.

"सापडलं का शेवटी?" त्या म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्या भाजीच्या तराजूवर तर वजनं करायचे. शिशाचे हात तराजूला लावू नका म्हणून किती भांडले असेन मी."

"मग त्या वेळी का नाही बोललात, वहिनी? तो रोज येत होता. मी त्याला..."

वहिनींनी चकती उचलून तळहातावर घेतली. "रोज घरी आल्यावर मी म्हणायचे, अहो सांगा त्याला. आता तरी सांगा. जमत नसेल तर मी सांगते. तर मला हातानं गप्प करायचे. एक दिवस खूप वेळ लावून म्हणाले, 'सांगितलं तर... त्याचा हात... गळून पडेल.'" त्यांनी पदरानं डोळे टिपले. "मला राग आला होता तुमचा, भाऊजी. खोटं कशाला बोलू? आता नाही. आता नुसतं वाईट वाटतं."

त्या उठल्या आणि कपाटातून पावडरचा जुना डबा घेऊन आल्या. आत बनियनच्या फडक्यात गुंडाळलेल्या दोन शिशाच्या चकत्या होत्या. आठ-आठ ठिपके.

"ह्या राहिल्या. तुम्ही जोडी दिलीच नाहीत पुन्हा. मी म्हटलं, भंगारात टाकू का? तर म्हणाले, असू दे, तेवढं माझ्याकडे असू दे."

"बसवू का आता?"

"मला काय विचारता? त्यातलं मला काय कळतं?" वहिनी पुन्हा भाजीकडे वळल्या. मग मान न उचलता म्हणाल्या, "जेवून जा."

मास्तर जेवले. दादाच्या जागेकडे पाठ करून बसले होते, तरी जेवण लांबत गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटेबाई जिना चढून आल्या तेव्हा जोडी पुन्हा बंद करून घडवंचीवर होती. टोकांचा रंग खरवडलेलाच होता. शेजारी पावडरचा डबा होता, झाकण लावलेला. तो जड आहे की रिकामा, हे त्यांनी विचारलं नाही. डाव्या डंबेलचं झाकण बसवण्याआधी आत काय घातलं, काय नाही, हेही विचारलं नाही. डबा उचलून बाजूला ठेवताना मात्र तो हाताला जड लागला.

मास्तर बाकावर झोपले. पाय जमिनीवर, पाती मागे आणि खाली, मनगटं कोपरांच्या वर. खाली एक, दोन, तीन, थांबले, वर. फॉर्म नेहमीसारखाच, शिकवण्याच्या पुस्तकात छापावा असा. दुसरा. तिसरा. चौथ्याला डावा हात मध्येच थांबला.

तीस वर्षांत तो दहा किलोला थांबला नव्हता. आणि हे तर दहाही नव्हतं. उजवा वर जाऊन वाट बघत होता. डावा थरथरत होता, तेराव्या वर्षी थरथरायचा तसा. काटेबाई पुढे झाल्या.

"मास्तर, थांबवू? सेट संपला म्हणू?"

ते वर छताकडे बघत होते. कपाळावरचा घाम कानात उतरला. काटेबाईंनी कोपर टाळलं, शिकवल्याप्रमाणे मनगटाखाली दोन बोटं लावली. बोटांना वजन असं लागलंच नाही. पण हात निघाला, सावकाश, आणि उजव्याच्या शेजारी जाऊन पोचला. डंबेल्स एकमेकांना लागली नाहीत.

काटेबाई बोटं काढून घेत म्हणाल्या, "तीन झाले. हा..." आणि नियम आठवून त्या थांबल्या.

मास्तरांचे डोळे मिटलेले होते.

"मोजा," ते म्हणाले.